मालक वारले तर काय करता?

हॅलो?

हां, अनुया, बोल… ऐकू येतंय, तू बोल. दुकानातच आहे गं, लाइन आळीत. रविवार म्हणून शटर अर्धं खाली आहे.

दादा? तो उलव्याला गेलाय. बाराव्या मजल्यावर खिडक्यांना जाळ्या बसवतोय. शिडीवर असला की फोन उचलत नाही तो, माहितेय ना तुला… मग मला सांग की. मी आहे ना.

कोणी सांगितलं तुला?

दादानेच? मग खरं आहे. हो. वेबसाइटवरून आप्पांचं नाव काढतेय. आज. फॉर्म समोर उघडा आहे.

अगं… अगं ऐक ना… आधी ऐक, मग रड. साइटचं नाव नाही बदलत मी. उदयजाळी डॉट कॉम आहे, ते तेच राहणार. आप्पांच्या उदयसिंह नावातला उदय कुठे जात नाही. बदलतेय तो मालक. कागदोपत्री हे नाव कोणाच्या मालकीचं, त्या रकान्यात आप्पा आहेत…

हो, घरात सगळं त्यांच्याच नावावर घ्यायची पद्धत आहे, मला काय नवीन सांगतेस! विजेचं मीटर, टेम्पो, गॅस. कुकरचं गॅरंटी कार्डसुद्धा आप्पांच्या नावावर आहे, अनुया. आयुष्यात कधी शिट्टी मोजली नाही त्या माणसाने.

हसलीस ना? आता ऐक.

अकरा दिवस उरलेत… कशाला म्हणजे? साइटच्या नावाची मुदत संपायला. पाच वर्षांपूर्वी साइट काढली, तेव्हा तुझ्या दादाने मालक म्हणून आप्पांना लावलं, मोबाइलही त्यांचाच दिला. मान म्हणून. पाच वर्षांचं एकदम भरून टाकलं आणि विसरलो. आता मुदत वाढवायची तर खात्यात शिरायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो आप्पांच्या नंबरवर.

बंद झाला ना तो. आपणच रिचार्ज करायचं सोडलं… हो, हो… वाजला की तुला कसंतरी व्हायचं, म्हणून… नाही गं, तुला दोष नाही देत. मलाही व्हायचं. मीच म्हटलं दादाला, राहू दे आता. पण मोबाइल कंपनी नंबर तसाच ठेवत नाही. दुसऱ्याला देते.

दिला. जासईच्या माणसाला. तुळशीराम नाव त्याचं. न्हावा शेव्याहून कंटेनरचा ट्रेलर चालवतो.

अगं केला ना फोन! पहिल्याच दिवशी केला. म्हटलं, भाऊ, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा. तर म्हणतो, “ताई, ओटीपी आमी कोनाला देत नाय. बायकोला पन नाय. काम आसंल तर जासईला या.” आणि ठेवला.

बरोबरच केलं की त्याने! मीही तेच केलं असतं.

मग काय, गेले जासईला. गुरुवारी. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटला तो. आप्पांचा मृत्यूचा दाखला घेतला, माझं आधार घेतलं, आणि दुकानातला एक जुना स्टिकर… तोच, जाळीच्या कोपऱ्यात लावतो तो. साइटचा पत्ता आणि खाली आप्पांचा नंबर. त्याने दाखला बघितला नाही. आधारही नाही. स्टिकर हातात घेतला आणि म्हणाला, “म्हंजे ते जाळीवाले तुमीच काय?”

अगं, आठ महिने फोन येतायत त्याला! उलव्याच्या बायकांचे. जाळी फाटली, मांजराने ओरबाडली, चौकटीच्या चॅनेलमधून निसटली, डास येतायत, कधी येता?… नाही, नाही, शिव्या कसल्या देतोय! आधी सांगायचा म्हणे, रॉंग नंबर. पण त्या परत करायच्या, स्टिकरवर तोच नंबर ना. मग त्याने लिहून ठेवायला सुरुवात केली. ट्रेलरच्या वहीत. सेक्टर, बिल्डिंग, फ्लॅट, काय बिघडलंय ते. “कोनतरी विचारायला येल कवातरी,” म्हणाला.

सतरा.

सतरा घरं, अनुया. आपल्याला आठ महिने हाका मारत होती आणि आपल्याला गंधवार्ता नाही. मी त्या टपरीवर चहा घेऊन उभी होते, तो तसाच राहिला हातात.

दिला ना मग. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मी तिथेच, टपरीच्या बाकड्यावर बसून खात्यात शिरले, आप्पांचा नंबर काढून माझा घातला आणि साइटचं नाव दुसऱ्या नोंदणी कंपनीत न्यायचा कोड मिळवला.

तेच सांगतेय. त्याच कंपनीत का ठेवायचं नाही? त्यांना मी आधी फोन केला होता, जासईला जायच्याही आधी. म्हटलं, मालक वारले, मी त्यांची सून, काय करू? तर तो मुलगा म्हणतो, “नो प्रॉब्लेम मॅडम. सरांना त्यांच्या मेलवरून आम्हाला एक रिक्वेस्ट टाकायला सांगा.”

हो ना! मी म्हटलं, सांगते.

एक मिनिट हं… नाही हो, आज बंद आहे. उद्या दहाला या… माप आणा खिडकीचं. आतल्या चौकटीचं… बाहेरचं नको, आतलं. उंची दोन्ही बाजूंची घ्या, वेगळी निघते… हो, नव्या बिल्डिंगमध्येसुद्धा.

बोल. कुठे होतो?… हं, कल्पेश. वाटलंच मला. तुझ्या निनादरावांनी सांगितलं असणार… कोण आहे तो?… कॉलेजचा मित्र. बरं. साइट बनवतो, नावही तोच घेऊन देतो, आणि एक पैसा घेत नाही. चांगला आहे. मला एकच सांग, नाव कोणाच्या खात्यात राहणार?

त्याच्या. “तुम्हाला कटकट नको म्हणून.”

अनुया, कटकट नको म्हणूनच आप्पांच्या नंबरवर टाकलं होतं… तो भला माणूस आहे गं, मी कुठे नाही म्हणतेय? उद्या तो कॅनडाला गेला तर? नंबर बदलला तर? भांडण झालं निनादरावांशी तर?… बरं, त्यांचं होत नाही कोणाशी भांडण. राहिलं. पण मग मी परत कोणाच्या तरी वहीत नाव शोधत फिरायचं. आणि दर वेळी तुळशीराम भेटत नाही.

जाऊ द्यायचं? नवीन घ्यायचं दुसरं? अगं, उलव्यात सहाशे खिडक्यांवर तो पत्ता चिकटलाय! सोडलं तर ज्याला हवं तो उचलेल. एखाद्या जाळीवाल्यानेच घेतलं, तर आपल्याच स्टिकरवरून माणसं त्याच्याकडे जातील. आप्पांनी स्वतः अंगठ्याने दाबून बसवलेत ते, सुरुवातीचे… हो. बुडबुडा राहू द्यायचे नाहीत.

हो… हो… मलाही आठवतं.

बरं, ऐक. चार कंपन्या काढल्या मी. चौघींना गाठलं आणि एकच प्रश्न विचारला… नाही, भाव शेवटी. भाव सगळ्या पहिल्या वर्षाचा मोठ्या अक्षरात लिहितात आणि दुसऱ्या वर्षाचा मुंगीएवढा. मी विचारलं, मालक वारले तर काय करता?

अशुभ काय त्यात? विमेवाला विचारतो तेव्हा चालतं.

एक तर ही, सरांना मेल टाकायला सांगणारी. दुसरी ती, जिची जाहिरात सारखी येते. तिच्याकडे माणूसच नाही, मशीन उत्तर देतं. मी लिहिलं, मालकाचा मृत्यू झाला आहे. उत्तर आलं, “अरे वा, छान! आणखी काय मदत करू?”… देवाशपथ. फोटो काढून ठेवलाय, पाठवते तुला. तिसरीने तीनदा फोन फिरवला आणि चौथ्यांदा गाणं लावून ठेवलं. बावीस मिनिटं ऐकलं मी. मग मीच ठेवला.

चौथीत मनिषा म्हणून मुलगी होती. दुसऱ्या रिंगला उचलला. प्रश्न नीट ऐकून घेतला. म्हणाली, “मॅडम, मला नक्की माहीत नाही, विचारून सांगू का?” तिथेच मला पटलं… कारण थाप मारली नाही म्हणून. चार मिनिटांनी परत आली. मृत्यूचा दाखला, वारसाचं पत्र, ओळखपत्र, सात दिवसांत नाव फिरतं. मी म्हटलं, लेखी द्या. दिलं. मेल आहे माझ्याकडे, प्रिंटही काढलाय.

नाही, सगळ्यात स्वस्त नाही. तिसऱ्या नंबरला आहे. पण पुढच्या वर्षीचा भाव पहिल्याच पानावर आहे. ठरलं माझं.

आजच, कारण इकडून तिकडे न्यायला सात दिवस लागतात. अकरातून सात गेले, उरले चार. मला चारपेक्षा कमी नकोत.

हं. मला वाटलंच होतं, फिरून फिरून इथेच येणार तू. माझं नाव का? दादाचं का नाही?

त्याला विचार. तोच म्हणाला, तू घाल. सकाळपासून तू त्याला किती फोन केलेस?… पाच. उचलला एकतरी?… मी कितव्या रिंगला उचलला?

तेच. उचलतो त्याच्या नावावर हवं ते. आणि हे मी दादाला तोंडावर सांगितलंय, त्याच्यामागे नाही बोलत.

अनुया… ए… ऐकतेयस का? मी आप्पांना पुसत नाहीये गं. दुकानावर पाटी त्यांची आहे, फोटो समोर आहे, आत्ता माझ्याकडेच बघतायत. पण त्या रकान्यात जिवंत माणूस लागतो. कोणी विचारलं तर हो म्हणणारा. आप्पा असते तर त्यांनीच हा फॉर्म तिसऱ्यांदा तपासला असता आणि म्हणाले असते, पद्मजा, पिनकोड चुकलाय.

चुकला नाहीये. बघितला मी.

बरं, आता मुद्द्याचं. मी तुला संध्याकाळी फोन करणारच होते, तू आधी केलास. मनिषाने एक सुचवलं. मालकासोबत दुसऱ्या माणसाचाही नंबर टाकून ठेवा, म्हणजे एक नसला तर दुसरा आत शिरू शकतो. तिथे मी तुझा टाकलाय.

तुझाच. नाशिकचा पत्ता, तुझा मोबाइल.

दादा नाही, कारण तो आणि मी बऱ्याचदा एकाच टेम्पोतून उलव्याला जातो. महामार्गावरून. कंटेनरच्या मधून… अशुभ नाही बोलत, हिशोबाने बोलतेय. दोन नंबर असावेत तर ते एका टेम्पोत नसावेत.

आणि तू आप्पांची मुलगी आहेस. कागदावर तुझं नाव कुठेच नाही, ना मीटरवर, ना टेम्पोवर. इथे असू दे.

… …

रडून झालं की सांग. मी थांबते. फॉर्म थांबेल की नाही, माहीत नाही.

झालं? बरं. आता तुला एक मेसेज येईल. पाठवू?… पाठवला. सहा आकडे. वाच.

काय?… ओटीपी कोणाला सांगू नये? अगं, तू तुळशीरामची बहीण शोभतेस! मी समोर मागतेय, कोण मागतंय ते तुला माहितेय, कशासाठी तेही माहितेय… हो, मीच आहे. पद्मजा. तुझी वहिनी… काय विचारू म्हणतेस, विचार… तुझ्या लग्नात जिलबी कमी पडली होती. आणि ती निनादरावांच्या मामांनी संपवली. पटली ओळख?

गेली वेळ. लाल अक्षरात आलंय. जिलबीच्या नादात संपली मुदत. थांब, परत पाठवते… चष्मा लाव आधी… पाठवला. आला?

चार… शून्य… परत शून्य… सात… एक? एकच ना, सात नाही ना?… एक… नऊ.

मी वाचते, तू ताडून बघ. चार, शून्य, शून्य, सात, एक, नऊ.

दाबलं.

फिरतंय अजून… फिरतंय… थांब गं, बोलू नकोस.

झालं.

अगं झालं! वाचून दाखवते. नाव, उदयजाळी डॉट कॉम. मालक, पद्मजा. दुसरी व्यक्ती, अनुया. सात दिवसांत तिकडे पोचेल.

हो. खाली-वर आहेत दोघींची नावं… पाठवते फोटो. निनादरावांना दाखव, आणि कल्पेशना सांग, साइटवरचे फोटो जुने झालेत, ते बदलायला त्यांची मदत लागेल. तेवढं घेऊ त्यांच्याकडून… नाही, फुकट नको.

सतरापैकी? अकरा झाली. दादा आत्ता बाराव्या घरी आहे. म्हणून तर उचलत नाहीये तुझा. जुन्या स्टिकरवर नवा चिकटवतोय, माझ्या नंबरचा…

एक मिनिट… दुसरा फोन येतोय.

अगं… काही नाही. स्क्रीनवर “आप्पा” आलंय.

घाबरू नकोस. तुळशीराम आहे. सगळीकडची नावं बदलली, हे फोनमधलं नाही बदललं अजून… बघू. राहू दे सध्या.

अठरावं घर असणार. ठेव, उचलते.