आईच्या वतीने

(एल पासोतलं कॉलेज. हिस्पॅनिक मुलामुलींना संगणकाच्या शिक्षणात आणि नोकरीत हात देणारा कक्ष. कक्षप्रमुख साल्दिव्हार इंग्रजीत बोलतात, ओफेलिया स्पॅनिशमध्ये. मध्ये दुभाषी म्हणून ओफेलियाची मुलगी, यारेत्झी. टेबलावर ओफेलियाने भेट आणलेला टमालेंचा, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या मक्याच्या वड्यांचा, बंद डबा.)

साल्दिव्हार : ...तर आईंना सांग, सिअ‍ॅटलच्या कंपनीने दोनशे मुलांतून तुला निवडलंय. तीनच महिन्यांचं काम. आपल्या समाजात मुलीला लांब पाठवणं जड जातं, हे आम्ही जाणतो.

यारेत्झी : आई, ते म्हणतात, तुमची मुलगी अभ्यासात बरी आहे.

ओफेलिया : एवढं लांबलचक बोलले, त्याचं एवढंच? आणि आडनाव साल्दिव्हार, तरी यांना आपली भाषा येत नाही?

यारेत्झी : ती म्हणते, तुमचं आडनाव छान आहे.

साल्दिव्हार : आभारी आहे! आजीला यायची स्पॅनिश. तूच म्हणालीस ना, आई सोडत नाही? आमच्या पुस्तिकेत त्यावर अख्खं प्रकरण आहे, ‘पालकांची भीती’. विचार त्यांना, नेमकी कशाची भीती वाटते?

यारेत्झी : आई, ते म्हणतात, टमाले फार चविष्ट झालेत.

ओफेलिया : डबा तर अजून उघडलाच नाही!

यारेत्झी : वासावरून म्हणतायत.

ओफेलिया : बरं. त्यांना सांग, पोरीने खुशाल जावं. शेजारच्या मारिबेलची मोठी बॅग मागून आणलीय मी.

यारेत्झी : ती म्हणते, नाही. मुलगी घरातच बरी.

साल्दिव्हार : वाटलंच. प्रकरण तिसरं! पण होकार आज पाचच्या आत कळवायचाय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

ओफेलिया : यारेत्झी, माझ्या तोंडी भलतंच काय घालतेस?

यारेत्झी : तुला... इंग्रजी कळतं?

ओफेलिया : एकोणीस वर्षं या इंग्रजीवाल्यांची ऑफिसं पुसतेय. हिला काय कळतंय, असं धरून लोक माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. तूही त्यातलीच निघालीस.

यारेत्झी : मग दर मंगळवारी दवाखान्यात मला का नेतेस?

ओफेलिया : डॉक्टरांचं सगळं नाही कळत.

यारेत्झी : तेच तर! मी गेले की ते काहीही सांगतील आणि तू नुसती मान डोलावशील. तुझ्या किडनीचं काय चाललंय, ते कोण विचारणार?

साल्दिव्हार : काय म्हणतायत आई?

यारेत्झी : विचार करतेय.

ओफेलिया : आठ वर्षांची होतीस. डॉक्टर म्हणाले, तुझे बाबा वाचायचे नाहीत. तू मला सांगितलंस, बरं व्हायला थोडा वेळ लागेल. मला तेव्हाही कळलं होतं, पोरी. तुझ्याकडे बघून गप्प बसले. आज नाही बसणार.

यारेत्झी : आई, नको ना. मंगळवारचं काय?

ओफेलिया : फोन धरीन डॉक्टरांच्या तोंडासमोर. विचार तिकडून हवं ते. ...(इंग्रजीत) साहेब! माझी मुलगी जाणार. लिहा, हो.

साल्दिव्हार : अरे, आईंना इंग्रजी येतं! बघ यारेत्झी, नीट समजावलं की पालकांना पटतं. माझं नेमकं कुठलं वाक्य पटलं, विचार ना. पुस्तिकेत घालतो.

ओफेलिया : काय म्हणतायत गं?

यारेत्झी : तुला कळलंय की.

ओफेलिया : कळलंय. पण आता तीन महिने असं शेजारी बसून कोण सांगणार मला? तू सांग.