काचेला तडा, नवरीला बोल

मंडळी, एक विचारतो. डोंगरावरून दगड सुटला, तर बोल कुणाला लावायचा? डोंगराला? छे! डोंगर ऐकून घेत नाही हो! बोल लावायचा, तो ऐकून घेणाऱ्याला. खरं की नाही?

ऐका तर. लग्न लागलंय, वऱ्हाड घाट उतरतंय. पहिल्या गाडीत पुढं, चालकाशेजारी, वरमाई सत्यभामाबाई. मागं नवी नवरी कालिंदी, तिच्याशेजारी नवरदेव, आणि वरमाईचे थोरले बंधू दाजीमामा. ज्यांना सगळंच कळतं, असे एक मामा प्रत्येक वऱ्हाडात असतातच! (हसू नका, आपल्यातही बसलेत!)

वळण आलं. आणि — धाड्!

नारळाएवढा धोंडा! पुढच्या काचेवर, वरमाईच्या तोंडासमोर! बाबल चालकानं गाडी कडेला घेतली. सत्यभामाबाईंनी कपाळ चाचपलं. रक्त? नाही! काचेवर कोळ्याचं जाळं उमटलेलं... पण काच जागेवर!

वाचा फुटली ती मामांना. "गृहप्रवेशाआधी काच फुटली! पोरगी पांढऱ्या पायाची! धाडा माघारी!"

अरे, तिची हळद ओली आहे रे अजून! नवरदेव काय करतो? बुटांकडे बघतो!

सत्यभामाबाई म्हणाल्या, "न्या तिला... नको मला."

"आणि ही फुटकी काच काढ आधी," मामा बाबलवर ओरडले. "असलं अशुभ दारात नको!"

"मामानू, ती अशी निघाची नाय."

"निघत नाही म्हणजे? सर बाजूला!" घेतली जॅकची दांडी, आणि हाणली! परत हाणली! जाळी दाट झाली, काच खोलगट झाली, तरी तुकडा सुटेना! मामा घामानं निथळले!

का सुटेना? मंडळी, गाडीची पुढची काच एक नसते, दोन असतात. मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, दोघींना घट्ट चिकटलेला. लग्नात अंतरपाट असतो ना? तो दूर ठेवतो. हा धरून ठेवतो! घाव बसला की काच तडकते, घावाचा जोर अंगभर वाटून घेते. पापुद्रा ताणतो, पण तुकड्यांना सोडत नाही!

तेवढ्यात कालिंदी उतरली. मंडळी, जिला माघारी धाडायचं ठरलं, ती! वरमाईचं दार उघडून गुडघ्यावर बसली. "आई, हलू नका. मांडीवर काचेचे बारीक कण उडालेत. डोळे चोळू नका हं." शालूच्या पदरानं एकेक कण टिपू लागली. बोटाला काच रुतली, तरी टिपतेच आहे!

सत्यभामाबाईंनी ते बोट बघितलं. बाहेरची दांडी बघितली. आणि किंचाळल्या —

"दादा! टाक ती दांडी! जिनं फुटून मला राखलं, तिलाच बडवतोस? आणि मी... मी या लेकराला काय बोलले रे!"

*डोंगर सुटला गं, काच झाली जाळी,*
*राखिलं माउलीचं कुंकू निढळी!*

ती गाडी तिथंच राहिली. सासू-सून मागच्या टेम्पोत, एका शालीत बसून घरी गेल्या. माप ओलांडताना सुनेचा हात सासूच्या हातात होता.

मामांवर हसलात. हसा! पण घरी गेलात की चुलीपाशी बघा, माजघरात बघा. तुमच्यावर येणारा धोंडा कुणी अंगावर घेतला? कुणाच्या चेहऱ्यावर जाळी उमटलीय? आणि रोज, वर आणखी, तिलाच कोण हाणतंय?

आता विठोबाच्या नावाची टाळी वाजवायची. दोन्ही हात मोकळे लागतात, मंडळी. ज्याच्या हातात जे असेल, ते खाली ठेवा!