तीन नंबरच्या दारावरची नोटीस

नाव ओळखपत्राप्रमाणे (प्रत सोबत जोडली आहे), बोलण्यातले नाव बादली. वय ४९ वर्षे. व्यवसाय नोकरी, वॉर्ड ऑफिसच्या नोटीस विभागात नोटिसा चिकटवणे. राहणार कर्मचारी वसाहत, पाण्याच्या टाकीमागे, खोली नंबर ११.

शनिवार दि. १४ च्या मारहाणीबाबत विचारल्यावरून मी आज मंगळवार दि. १७ रोजी ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी, बायको आणि दोन मुली राहतो. नोटीस विभागात मला एकवीस वर्षे झाली. शनिवारी ज्याला मार लागला तो माझा साडू. त्याची बायको माझ्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. त्याचे वय ४१. सहा वर्षांपूर्वी त्याला नोकरीला मीच चिकटवला, असे ऑफिसात चेष्टेने म्हणतात, आणि ते खरे आहे. माणूस इतका सरळ की त्याच्याशी भांडायचे तर भांडण आपल्याच घरून न्यावे लागते.

आमचे काम असे. पाणी बंद असल्याच्या सूचना, कर थकल्याच्या नोटिसा, जागा रिकामी करण्याच्या नोटिसा, मेळावे, शिबिरे, अनुदानाचे अर्ज, असे कागद सकाळी कारकून देतो. एकाने खळ लावून कागद दारावर चिकटवायचा आणि शेजारी उभे राहायचे. दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोत कागद, दाराचा नंबर आणि चिकटवणारा माणूस, तिन्ही दिसले पाहिजेत. तो फोटो म्हणजे नोटीस पोचल्याचा पुरावा. साडू चिकटवतो आणि मी फोटो काढतो. त्यामुळे ऑफिसच्या एकाही फोटोत मी नाही.

नोटीस आणणाऱ्याला कोणी प्यायला पाणीसुद्धा विचारत नाही. अडीच वर्षांपूर्वी एका भांड्यांच्या दुकानदाराच्या शटरवर कराची नोटीस लावली, तेव्हा त्याने खळीची बादली साडूच्या डोक्यावर उपडी केली आणि रिकाम्या बादलीचा काठ त्याच्या तोंडावर दोनदा घातला. त्याचे पुढचे दोन दात पडले. ऑफिसने आम्हाला नवीन बादली दिली.

त्यानंतर मी एक पद्धत काढली. नोटीस लावायची, फोटो टिपायचा आणि खळ ओली असतानाच नोटीस सोलून पिशवीत टाकायची, दार ओल्या फडक्याने पुसायचे. ऑफिसला फोटो मिळतो, घरवाल्याची चारचौघांत शोभा होत नाही आणि आमचे दात जागच्या जागी राहतात. एका दगडात तीन पक्षी म्हणून मी फुशारकी मारत असे. साडूला हे पटत नव्हते, म्हणून सोलायचे काम मीच करत होतो. ऑफिसला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

जबाब लिहून घेणारे जमादार म्हणतात की, हे ऑफिसचे अंतर्गत आहे, मारहाणीचे सांगा. मी त्यांना सांगितले की मारहाण इथूनच सुरू होते, लिहा.

सात आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता आम्ही लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत गेलो. पाच इमारतींना एकाच मजकुराची नोटीस लावायची होती. इमारत नंबर तीनच्या खालच्या दारावर साडूने नोटीस लावली, मी फोटो काढला. मी नख घालणार तेवढ्यात तो मधे आला.

"दादा, ही राहू द्या," तो म्हणाला. "ही शिव्यांची नोटीस नाही. जिने दुरुस्त करून देणार आहेत म्हणे, पालिकेच्या खर्चाने. महिन्यात अर्ज करायचाय."

"तू कधीपासून नोटिसा वाचायला लागलास?"

"लावता लावता दिसलं."

"आज ही ठेवलीस की उद्या लोक विचारतील, बाकीच्या कुठे जातात? हो बाजूला."

"लोकांच्या कामाची आहे, दादा."

"लोकांना जिन्याची काळजी असती तर ते ऑफिसात आले असते. तुझे पडलेले दात परत आलेत का?"

यावर तो बाजूला झाला. मी नोटीस सोलली, चौघडी करून पिशवीत टाकली आणि दार पुसले. ती मी वाचली नव्हती. एकवीस वर्षांत मी एकही नोटीस पुरी वाचलेली नाही. समोरच्या चार नंबरला आम्ही नोटीस लावत होतो तेव्हा तिथला वॉचमन उभा राहून मोठ्याने वाचत होता, म्हणून ती सोलता आली नाही. त्या इमारतीचा अर्ज गेला. अर्ज आल्यापासून आठ दिवसांत इंजिनिअरने जिन्याला लोखंडी टेकू लावून दिले. ते टेकू मी काल जाऊन पाहिले.

सोमवार दि. २ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास तीन नंबरचा दुसऱ्या मजल्यावरचा जिना कोसळला. तिथे राहणाऱ्या प्लंबरची बायको मुलीला शिकवणीहून आणायला खाली उतरत होती. ती जिन्याबरोबर तळाला आली आणि वरच्या पायऱ्या तिच्यावर पडल्या. प्लंबरने आणि शेजाऱ्यांनी तिला हातांनी उकरून काढले. कमरेखाली काही राहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी ती गेली. हे मी पाहिलेले नाही, गल्लीतल्या लोकांनी सांगितले ते सांगतो.

त्यानंतर तिथले रहिवासी ऑफिसात आले आणि म्हणाले की, आम्हाला कोणी काही कळवले नाही. कारकुनाने त्यांना फोटो दाखवला. नोटीस, दाराचा नंबर आणि शेजारी उभा असलेला माझा साडू. कारकून म्हणाला, "वेळेत कळवलं होतं. तुम्ही वाचलं नाही त्याला ऑफिस काय करणार?" त्यांच्यात प्लंबरही होता. त्याने त्या फोटोची छापील प्रत मागितली. ती त्याला दिली गेली.

शनिवार दि. १४ रोजी सकाळी दहापासून वॉर्ड ऑफिससमोरच्या मैदानावर नागरिक मेळावा होता. मांडवात एका बाजूला रोपांचे टेबल, एका बाजूला रक्तदाब तपासणारी नर्स आणि मधे अनुदानांच्या अर्जांचे टेबल होते. अर्जांच्या टेबलावर साडू अर्ज वाटत होता. मी त्याच टेबलाच्या टोकाला फलकावर टाचण्यांनी कागद लावत होतो. आमच्यात चार हातांचे अंतर होते. पुढे स्टेजवर निवेदक मैदानाकडे तोंड करून लाउडस्पीकरवर येत्या महिन्याचे कार्यक्रम सांगत होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी प्लंबर आला. तो रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे पाच माणसे होती, त्यांचे होईपर्यंत तो थांबला. खांद्याला कामाची पिशवी होती. मी त्याला ओळखत नव्हतो. नंबर आल्यावर त्याने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला.

"हा तूच ना?"

साडू म्हणाला, "हो, मीच."

"ही नोटीस तू लावलीस?"

"हो."

"मग ती गेली कुठे? दिवसातून दहा वेळा मी त्या दारातून जातो. माझी बायको जायची. आम्ही आंधळे होतो का? गेली कुठे ती?"

तेव्हा साडूने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. मग मी खाली वाकलो आणि पडलेल्या टाचण्या गोळा करायला लागलो. टाचण्या पडलेल्या नव्हत्या.

साडू म्हणाला, "माझी चूक झाली. मीच बघायला पाहिजे होतं."

प्लंबरने पिशवीतून पाइप पिळायचा मोठा पाना काढला आणि टेबलाच्या अलीकडूनच त्याच्या जबड्यावर मारला. माझे डोके टेबलाखाली होते, तरी तो आवाज मी ऐकला. सुकी फळी गुडघ्यावर मोडावी तसा होता. मी वर पाहिले तेव्हा साडू रोपांच्या पिशव्यांवर पडला होता आणि प्लंबर टेबल ओलांडून त्याच्या अंगावर गेला होता. दुसरा घाव डाव्या कानावर बसला. साडूने उजवा हात तोंडावर धरला, तर तिसरा आणि चौथा घाव हातावर बसले आणि बोटे उलटी फिरली. पाचवा खांद्यावर, सहावा कपाळाच्या वर, सातवा परत जबड्यावर. मी सातही मोजले. मारताना प्लंबर ओरडत नव्हता. प्रत्येक वेळी एवढेच म्हणत होता, "कुठे गेली? कुठे गेली?" निवेदकाची पाठ आमच्याकडे असल्याने तो सांगतच होता, रविवारी सकाळी सात वाजता ज्येष्ठांसाठी चालण्याची स्पर्धा, इच्छुकांनी नावे द्यावीत.

मांडवात साठसत्तर माणसे होती, ती मागे सरली. मी जागचा हललो नाही. माझ्या मुठीत टाचण्या होत्या आणि त्या तळहातात घुसल्याचे मला नंतर समजले. आठवा घाव नर्सबाईंनी अडवला. त्यांनी दोन्ही हातांनी पाना धरला, त्यात त्यांचे मनगट मोडले, पण त्यांनी सोडला नाही. मग प्लंबरनेच सोडला. तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाई, पोलिसांना बोलवा." त्याच्या अंगावर, चेहऱ्यावर साडूचे रक्त होते, ते त्याने पुसले नाही. मी साडूजवळ गेलो तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे येत होते आणि तो श्वास घेताना घरघर होत होती.

साडूचा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे, तो तारांनी बांधला आहे. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. उजव्या हाताची तीन बोटे काढली. डोक्याचे ऑपरेशन झाले आहे. रविवारी दुपारी त्याला शुद्ध आली. मी समोर गेलो की तो डोळे मिटून घेतो. डॉक्टर म्हणतात, उजेडाचा त्रास होत असेल.

रविवारी इस्पितळाच्या व्हरांड्यात मेहुणीने मला विचारले, "भावोजी, नर्सबाई सांगत होत्या, मार बसायच्या आधी हे तुमच्याकडे बघत होते. का हो?"

मी म्हणालो, "मदतीला यावं म्हणून असेल."

ती म्हणाली, "मग आला का नाहीत?"

तिने माझ्यासाठी चहा आणला होता, तो मी प्यायलो. त्याची मला आजही शरम वाटते.

काल सोमवारी आमच्या ऑफिसच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितले की, फोटो आपल्याकडे आहे, ऑफिस स्वच्छ आहे. "कर्तव्य बजावताना कर्मचाऱ्यावर विनाकारण हल्ला, एवढंच सांग. त्याला सरकारी मदत मिळेल, तुझी नोकरी राहील. उगाच शहाणपणा करू नकोस." साडूच्या घरात त्या मदतीची गरज आहे हे मला समजते. त्यामुळे काल संध्याकाळपर्यंत मी तेवढेच सांगणार होतो.

परंतु हल्ला विनाकारण नव्हता. तीन नंबरच्या दारावरची नोटीस मी काढली. साडूने ठेवा म्हटले होते आणि मी ऐकले नाही. ती नोटीस माझ्या पिशवीच्या तळाशी मिळाली, ती मी आज पहिल्यांदा पुरी वाचली आणि या जबाबासोबत देत आहे. मागे खळ आहे आणि एका कोपऱ्याला दाराचा हिरवा रंग निघून आला आहे.

प्लंबरने मारले हे मी पाहिले, त्यात बदल नाही. त्याला सोडा असे मी म्हणत नाही. तो माझ्या हाती लागला तर मी त्याच पान्याने त्याचे डोके फोडीन, इतका मला त्याचा राग आहे. पण सात वेळा तो एकच प्रश्न विचारत होता आणि उत्तर मला ठाऊक होते. पहिल्या घावाआधी मी ते दिले असते तर तारा माझ्या तोंडात असत्या. साडूला आता बोलता येत नाही. आले तरी तो माझे नाव घेणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून मी आलो.

जमादार म्हणाले की, हे तुमच्यावरच उलटेल, आधी वकिलाला विचारून या, नाहीतर मनातल्या मनात वाचून सही करा. मी म्हणालो, वाचून तुम्हीच दाखवा, दार उघडे ठेवून, बाहेर ऐकू जाईल असे. बाहेरच्या बाकावर माझी बायको आणि मेहुणी बसल्या होत्या. मी त्यांना फक्त सहीला जायचे आहे असे सांगून आणले होते.

त्याप्रमाणे जबाब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. टाचण्यांचा भाग आला तेव्हा जमादार थांबले आणि त्यांनी दाराकडे पाहिले. मी त्यांना पुढे वाचायला सांगितले. वाचून संपल्यावर मेहुणी दारात आली आणि म्हणाली, "जमादारसाहेब, सगळं लिहिलंय ना? मग घ्या यांची सही." मजकूर मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे. सही केली.