आयत्या वेळचा विषय

बैठकीची विषयपत्रिका कशी काढावी, हे मला विचारू नका. मी ती फार हौसेनं काढायचो, तिथंच घोटाळा झाला.

तासगावात आमचा बेदाण्याचा धंदा. एका पाव्हण्याच्या कंपनीत बघून आलो आणि दर सोमवारी कामगारांची बैठक सुरू केली. फळ्यावर विषय लिहायचे, ओळीनं घ्यायचे. नियम एकच, जे सांगायचं ते बैठकीतच.

बेदाणा निवडणारा सुबराव वीस वर्षांचा जुना माणूस. म्हणाला, "शेठ, माझं जरा हाय."

"लिहितो की," म्हणालो आणि सगळ्यात खाली, 'आयत्या वेळचे विषय' यात त्याचं नाव टाकलं. तिथवर पोचायच्या आत चहा यायचा, लोक गाडी भरायला उठायचे. असे चार सोमवार गेले. एक अख्खा सोमवार तर कप कुणी विसळायचे यावर गेला.

पाचव्या सोमवारी सुबराव आलाच नाही. घरी गेलो. मी दारात समोर उभा, तरी तो विचारतोय, "कोण हाय?"

त्याला सांगलीला डोळे दाखवायला दोन दिवस सुट्टी हवी होती. शेवटी पोरानं नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लय उशीर केला.

मी म्हटलं, "सुबराव, चुकलं रं माझं."

तर तोच माझी समजूत घालतोय, "आसू द्या शेठ. सीझनात तुमाला तरी कुठं सवड हुती?"