पोस्टमनच्या मनगटावरचा पट्टा

“बाबांचे ठोके मोबाइलवर बघतेस, तसा अधूनमधून आवाजही ऐकत जा,” आत्याने बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं.

बाळाला लस टोचायला ती दवाखान्यात बसली होती. मागच्या बाकावर दोन अनोळखी म्हातारे मित्र बोलत होते.

“लेका, तुझा तो ठोके मोजणारा पट्टा कुठाय?”

“शेजारच्या पोस्टमनला बांधलाय.”

“काय सांगतोस!”

“पोरीच्या मोबाइलवर सगळं उमटतं ना. ठोका जरा चुकला की तिची रडारड. पदरात तान्हं मूल तिच्या. आता पोस्टमन दिवसभर तंगडतोड करतो, पोरगी खूश!”

“आणि तुझी छाती?”

“जिना चढताना भरून येते. म्हणून तर गुपचूप आलोय.”

“शहाणाच आहेस! डॉक्टरांपुढेही पोस्टमनलाच बसव.”

“हळू बोल रे.”

तिने मोबाइल उघडला. बाबांच्या पट्ट्यावरचे ठोके अगदी ठणठणीत. शिवाय, गुडघे धरून उठणारे तिचे बाबा आज सकाळपासून तीन कोस चालले होते.

तिने फोन लावला.

“बाबा, पट्टा कुणाच्या हातात आहे?”

“तुला कुणी सांगितलं?” पलीकडून बाबांनी धापा टाकत विचारलं.

तुमच्याही मोबाइलवर कुणी असं ठणठणीत दिसत असेल, तर आज जरा फोन करून विचारा.