फळांच्या टेबलावर पानाची कवळी

माझं नाव शमुवेल, पण गावात मला पानवाला शामू म्हणूनच वळखत्यात, आणि त्येची मला लाज न्हाय, उलट ताठा हाय. शाळा म्हणाल तर दुसरी, ती बी अर्धी, कारण बा माझा एका जैन अण्णांच्या पानमळ्यात कामाला हुता आणि मी त्येच्या मागनं वेली बांधत फिरायचो. पानमळा म्हंजे काय बघा, शेवरीची उंच झाडं रांगंनं लावायची, त्येच्यावर खायच्या पानाची वेल चढवायची आणि लव्हाळ्यानं बांधायची, आवळली तर गुदमरती, ढिली सोडली तर लोंबती, ही मापं शाळंत शिकवत न्हाईत. पुढं अण्णांनी दहा गुंठं बाच्या नावावर करून दिलं, त्येच्यावर आमचं घर हुबं हाय. आमच्या भागात लगीन कुणाचं बी असू दे, हिंदूचं, जैनाचं, मुसलमानाचं, पान माझंच. मी म्हणतो म्हणून न्हाय, विचारा की कुणाला बी, पावणं.

आमचं घर ख्रिस्ती, बाच्या बापापासनं. माझा पोरगा विजय शिरोलीला फौंड्रीत कामाला हाय आणि सून सुवार्ता मिरजंची. लगीन होऊन अकरा वर्सं झालती, मूल न्हाय. दवाखानं करून झालं, मग त्या दोघांनीच बास म्हटलं, मी बी बास म्हटलं, घर हसतं हुतं. ती देवळात बाजाची पेटी वाजवती, आणि काय सांगू तुम्हास्नी, तिनं भाता हालवला की आमच्यासारख्या रेड्यांचा आवाज बी सुरात जातोय.

तर तीन सालामागं देवळातल्या बायकांच्या सभेत गावातल्या शाळामास्तरांच्या बायकोनं डोळं मिटून मोठ्यांदा प्रार्थना केली, की प्रभू, शास्त्रात तूच म्हणालास तसा तू वेल आणि आम्ही फाटे, आमच्यात एक फाटा अकरा वर्सं कोरडा हाय, त्येला फळ दे, कारण बिनफळाचा फाटा तू छाटतोस. नाव घेतलं न्हाय, पण अकरा वर्सं कुणाची हे सगळ्यांस्नी ठावं. बाई वाईट न्हाय बरं, तिला वाटलं आपण भलंच मागतोय. सुवार्ता घरी आली, पेटीच्या खोक्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली मामा, ही पाळकसाहेबांस्नी देऊन टाका, मी आता देवळाची पायरी चढणार न्हाय. रडली असती तर बरं झालं असतं. रडली न्हाय, भाकऱ्या थापाय बसली.

किल्ली मी कुणाला दिली न्हाय. सदऱ्याच्या खिशात ठिवली, आणि सहा रविवार देवळात बिनपेटीचं गाणं झालं, पहिली ओळ अल्याड तर दुसरी पंचगंगंच्या पल्याड.

मग हंगामाचा सण आला. आमच्यात त्या दिवशी देवापुढं टेबल मांडायचं आणि ज्येनं त्येनं आपल्या रानातलं पहिलं फळ आणून ठेवायचं, केळीचा घड, नारळ, कणसं. मी येडा, जलमभर बाजारातनं पपई इकत आणून ठेवत आलोतो, कारण पान म्हंजे काय फळ न्हवं. त्या साली म्हटलं पपई ऱ्हाऊ दे. चांगली कवळी बांधली, म्हंजे कोवळी, लांबदेठाची पानं रचून गठ्ठा केला, आणि सुवार्ताला म्हटलं गुडघं दुखत्यात, देवळापातूर तू धरून चल. ती म्हणाली मामा, मळ्यात शिडीवर चढताना बरं दुखत न्हाईत. म्हटलं तिथं देव धरतोय, रस्त्यावर तू धर. आली. पण दाराजवळच्या बाकावर टेकली, पळायच्या तयारीत.

मी कवळी टेबलावर ठेवली तसं मास्तर उठलं, शामूबा, इथं फळ ठेवायचं असतंय, लोक चघळून थुकत्यात ते देवापुढं ठेवताय व्हय? म्हटलं मास्तर, तुमच्या पोरीच्या लग्नात विडं दिलंसा ते कुणाच्या पानाचं हुतं? अख्खं देऊळ हसलं. मास्तर म्हणालं शास्त्रातली वेल द्राक्षाची हाय. म्हटलं असंल, द्राक्षं तिकडं तासगावाला, आमच्या पावसात कुजत्यात, मला देवानं हीच वेल दाखवली. पाळकसाहेब तरणं हाईत, म्हणालं बाबा, आणलंयसा तर प्रार्थना बी तुम्हीच करा. जलमात चारचौघांत मी कधी प्रार्थना केली न्हवती. टेबलाची कड धरून हुबा ऱ्हायलो.

डोळं मिटलं आणि म्हटलं, बापा, तू वेल आणि आम्ही फाटे, हे मला ठावं हाय. पण साठ वर्सं मी वेलीतच हाय, आणि माझ्या वेलीला फळ धरत न्हाय, एक बी न्हाय, तरी तिला कोरडी म्हणाय आजवर कुणाची जीभ उचलली न्हाय. पान हेच तिचं देणं. तिला पेरापेराला मुळी फुटती आणि त्या मुळीनं ती शेवरीला धरून ऱ्हाती, वाऱ्यात सोडत न्हाय, पावसात सोडत न्हाय. तू बी तेवढंच सांगिटलंस न्हवं, धरून ऱ्हावा म्हणून? मग माझ्या घरातला फाटा हिरवा हाय का वाळलाय ते तूच बघ, आणि कात्री घिऊन आलासच तर आधी माझ्याकडं ये, मी म्हातारा झालोय. आमेन.

मागनं पावलं वाजली आणि कानाशी आवाज आला, मामा, किल्ली. किल्ली खिशाच्या शिवणीत अडकून बसलेली, निघंना, तिनंच हात घालून काढली आणि म्हणाली, देवाला कात्री धराय शिकवताय व्हय, जरा थोडक्यात करायचं की. डोळं भरलेलं आणि तोंडावर हसू. पेटी अशी वाजली, पावणं, की रस्त्यावर एसटीची वाट बघणारी माणसं दारात येऊन हुबी ऱ्हायली. उपासना सुटल्यावर मास्तरांच्या बाईनं सुवार्ताचा हात धरला, टेबलावरनं एक पान उचलून पदरात बांधून घिऊन गेली.

आता हंगामाच्या टेबलावर एक कोपरा पानासाठी मोकळा ठेवत्यात. पाळकसाहेब मला प्रार्थनंला हुबं करत्यात आणि आधीच सांगत्यात बाबा, थोडक्यात. मी थोडक्यात करत न्हाय. आता बी ऐका, मळ्यातनं गाणं येतंय न्हवं, ती सुवार्ता, वेल बांधतीया, हात माझ्यापेक्षा हलका हाय तिचा, पण हे तिला सांगू नका. आणि जाताना चार पानं घिऊन जावा, पावणं. तुमच्या बी पेरापेराला मुळी फुटू दे.