पॅच बदललास का?

...आणि वर मलाच विचारतात, "पॅच बदललास का?" म्हणजे बघा, बारा माणसं! रविवारी दुपारी आमच्याकडे बारा माणसं जेवायला येणार, हे मला कधी कळतं? शनिवारी संध्याकाळी सात वाजता! आणि तेही नवरा सांगतच नाही, त्याच्या ऑफिसातल्या बाईचा मला फोन येतो, "वहिनी, मी काही गोड आणू का?" मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, "उद्याच्या जेवणाला!" आता तुम्हीच सांगा, माणसाने ओरडायचं नाही तर काय आरती ओवाळायची? ओरडले मी. खोटं कशाला सांगू, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा थांबला, इतकी ओरडले. आणि नवऱ्याने काय करावं? टीव्हीचा आवाज बारीक केला, आजारी मांजराकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या हळू, इतक्या प्रेमाने... "अगं, पॅच बदललास का?"

बारा माणसं यांनी बोलवायची आणि पॅच मी बदलायचा!

तुम्हाला सांगते, हा माणूस पूर्वी भांडायचा हो! बावीस वर्षं काय दणदणीत भांडायचो आम्ही! मी एक बोलले की तो माझ्या भावाच्या लग्नापासून सुरुवात करायचा, मग मी त्याच्या आत्याचा विषय काढायचे, दोघांचेही घसे बसायचे, मग कुणीतरी एक जण चहा टाकायचा आणि प्रश्न मिटायचा. निदान समोरचा माणूस आपलं म्हणणं ऐकतोय, त्याला झोंबतंय, एवढं तरी समाधान होतं! आता झोंबतच नाही. आता तो नर्स झालाय. भांडायला गेलं की पाण्याचा ग्लास आणून देतो. त्या ग्लासाने तर माझ्या अंगाचा असा तिळपापड होतो ना...

थांबा, पॅच म्हणजे काय ते सांगायला हवं, ते मागच्या रांगेतले काका 'सायकलचा का?' असा चेहरा करून बसलेत. नाही काका, सायकलचा नाही. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, पारदर्शक चिकटपट्टी असते. कमरेच्या खाली लावायची, सोमवारी या बाजूला, गुरुवारी त्या बाजूला, आणि शरीराने जे हार्मोन बनवायचं बंद करत आणलंय ते त्यातून हळूहळू आत जातं. वय एकोणपन्नास आहे माझं, लपवत नाही. पाळी अजून येते, पण लांबच्या पाहुण्यासारखी, न कळवता! कधी तीन महिने पत्ता नाही, कधी आली की दहा दिवस मुक्काम.

आणि हा पॅच मिळेपर्यंत माझी काय वरात निघाली म्हणून सांगू! आधी छातीत धडधड. गेले हृदयाच्या डॉक्टरकडे. त्यांनी तारा लावल्या, पट्ट्यावर पळवलं, म्हणाले, "हृदय उत्तम आहे. घरी काही ताण?" मग सांधे धरले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हाडं ठीक आहेत. वजन कमी करा. घरी काही ताण?" मग अंगाला खाज. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, आणि दारापर्यंत आले हो सोडायला, मला वाटलं काय सज्जन माणूस, तर दारात म्हणतात, "घरी काही ताण?" अहो, तुमच्याकडे यायला दोन बस बदलाव्या लागतात हाच ताण! एकानेही, एकानेही विचारलं नाही की बाई, पाळीचं कसं चाललंय? सगळ्यांनी माझा आपापला तुकडा तपासला आणि उत्तम आहे म्हणून परत दिला. आणि मी? मी रोज सकाळी घामाने ओली झालेली चादर बदलत होते, चावी हातात धरून चावी शोधत होते, आणि एकदा तर स्वतःच्या मुलीला हाक मारताना तिचं नाव आठवेना म्हणून "ए... ए मुली!" म्हटलं. ती हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आपलं डोकं चाललं, आपण संपलो, असंच वाटलं होतं मला तेव्हा.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "आई, तू हिच्या वयाची असताना कुकर खिडकीतून फेकला होतास." सासूबाई म्हणाल्या, "तो कुकर खराब होता!" झालं, विषय संपला. पण उठताना माझ्या जवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "कुकर चांगला होता गं." बस, एवढंच. तेवढ्यानेच मला इतकं बरं वाटलं!

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाऊण तास ऐकलं. रक्तदाब बघितला, स्तनांची तपासणी करून घ्यायला लावली, आमच्या घराण्यात कुणाला काय झालंय ते सगळं विचारलं. मी म्हटलं, माझी जाऊ सांगते याने कॅन्सर होतो. त्या हसल्या नाहीत हो! फायदा किती, धोका किती, कुणाला देत नाही, तुम्हाला का चालेल, सगळं कागदावर लिहून दाखवलं. पॅच दिला, झोपताना घ्यायची एक गोळी दिली. आणि सहाव्या आठवड्यात, तुम्हाला सांगते, मी सकाळी उठले तर चादर कोरडी! मी ती चादर हातात घेऊन बसून राहिले. मुलीचं नाव आठवायला लागलं, मला माझ्यासारखं वाटायला लागलं. औषधाला मी नावं ठेवत नाही, औषध गुणाचं आहे. पॅचने मला झोप दिली, डोकं परत दिलं. घरच्यांना मात्र त्याने एक वाक्य दिलं!

मुलीने फ्रिजवर तक्ता लावला, सोमवार, गुरुवार, पुढे चौकोन, चौकोनात खूण. प्रेमाने केलं हो पोरीने. पण तिने माझा चार्जर नेला, हरवला, आणि मी विचारायला गेले तर ती माझ्याकडे बघतच नाही, ती त्या तक्त्याकडे बघते! "आई, आज गुरुवार ना? पॅच बदललास का?" अगं चार्जर कुठाय? "आई, तू आधी खाली बस." चार्जर अजून मिळालेला नाही.

बरं, हे घरापुरतं असतं तर चाललं असतं. मी नोकरी करते ती एका मोठ्या बेकरीत, कोल्ड रूमची इनचार्ज आहे, एकोणीस वर्षं. केक, क्रीम, लोणी, सगळं माझ्या ताब्यात. आत चार डिग्री लागते, दाराबाहेर आकडा दिसतो, आणि आत काही बिघडलं तर जबाबदार कोण? मी! तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. पण उन्हाळ्यात एक दिवस घामाने पॅच सुटला, आणि दुपारी तो सापडला कुठे? मालकांच्या कोपराला! कपड्याला चिकटून माझ्या टेबलावर आला असणार, आणि मालक नेमके तिथे टेकले असणार. अर्धा दिवस तो माणूस माझं हार्मोन कोपराला लावून गिऱ्हाइकांशी बोलत होता. मग सांगावंच लागलं. मालक सज्जन, तीच तर पंचाईत! माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं. यांनी मोबाइलमध्ये गजर लावला, सोमवार, गुरुवार, सकाळी दहा. गजर वाजला की काउंटरवरून सगळ्यांसमोर, "मॅडम, पॅच बदललात का?" गिऱ्हाईक पाव घेता घेता माझ्याकडे वळून बघतं!

आता ऐका. गेल्या महिन्यातला मंगळवार. एका लग्नाचा पाच मजली केक आत ठेवलेला, आमच्या आयसिंगवालीने दोन दिवस मान मोडून केलेला, साखरेची फुलं, क्रीमच्या झालरी, चार वाजता जायचा होता. अकरा वाजता मी आत गेले आणि... गरम! म्हणजे भट्टीसारखं नाही, पण नाकाला जी थंडी बोचते ती नाही. आणि त्या खोलीची थंडी मला नाही कळणार तर कुणाला कळणार? पॅच लावायच्या आधीचं सबंध वर्ष, अंगाची आग झाली की, मी त्या खोलीत लोण्याच्या खोक्यांना मिठी मारून काढलंय! बाहेर येऊन आकडा बघितला तर दोन. चार नाही, दोन! मी मालकांना म्हटलं, "आत गरम आहे." मालकांनी आकडा बघितला. माझ्याकडे बघितलं. परत आकड्याकडे बघितलं. "मॅडम, उलट आज जास्त थंड आहे." मी म्हटलं, "नाही हो, फ्रीजवाल्याला बोलवा." आणि मालक आवाज एकदम खाली आणून... "मॅडम, काल सोमवार होता. पॅच बदललात का?"

आयसिंगवाली खाली बघून क्रीम फेटायला लागली. तिला हसू येत होतं.

आणि आता खरं सांगते, यासाठीच तर इतका वेळ बोलतेय. मी काय केलं? भांडले? टेबलावर हात आपटला? नाही! मी बाथरूममध्ये गेले आणि पॅच आहे का ते बघितलं! होता. नवाकोरा, घट्ट बसलेला. तरी मी तो तळहाताने दाबला, तोंडावर पाणी मारलं, पंख्याखाली जाऊन बसले आणि स्वतःला म्हटलं, बाई गं, असेल तुझंच काहीतरी, मशीन कशाला खोटं बोलेल? एकोणीस वर्षं ज्या खोलीत काढली त्या खोलीबद्दल मी माझ्यावर विश्वास ठेवला नाही! लोकांनी ठेवला नाही त्याचं इतकं नाही वाटलं. मीच ठेवला नाही, ते अजून गिळता येत नाही मला.

एक वाजता आयसिंगवालीने दार उघडलं आणि अशी किंचाळली! केक कललेला, दुपारी जेवून खुर्चीत डुलकी घेणारा माणूस कलतो ना तसा. वरचे दोन मजले खांद्यावर मान टाकून बसलेले, साखरेची फुलं घसरगुंडीवरून खाली येतायत, आणि बाहेर आकडा काय? दोन! फ्रीजवाला आला, त्याने आतली जाळी काढली तर मागे हा एवढा बर्फाचा गोळा! पंखे बर्फाने बंद, खोलीत गार हवाच नाही, आणि तापमान मोजणारी तार नेमकी त्या बर्फाच्या शेजारी. ती बर्फाजवळच्या हवेचं तापमान दाखवत होती, खोलीचं नाही. फ्रीजवाला म्हणतो, "सकाळपासूनच आत गरम असणार. कुणाला कळलं कसं नाही?"

कुणाला कळलं कसं नाही!

मी मालकांकडे बघितलं. म्हटलं, आता मालक बोलतील. आता तरी म्हणतील, मॅडम, चुकलो. आणि मालक बोलले हो! कपाळाचा घाम पुसत, अगदी कळवळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा जोर देऊन सांगायला हवं होतं!"

जोर देऊन! अहो, साधं सांगितलं तर पॅच विचारता, जोर दिला असता तर अँब्युलन्स बोलावली असती! आता बाईने बोलायचं तरी कुठल्या आवाजात? हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर ते हार्मोन बोलतात! मधला एखादा आवाज असेल तर द्या बाई आणून, मी तोही चिकटवून घेईन!

खालचे तीन मजले वाचले. आयसिंगवालीने तीन तास हात चालवून केक उभा केला, गाडी उशिरा गेली, मालकांनी फोनवर लग्नघरची बोलणी खाल्ली. जाताना आयसिंगवाली माझ्याजवळ आली, म्हणाली, "मला पण जाणवलं होतं गं, पण म्हटलं कशाला मध्ये बोला." तिचं वय सेहेचाळीस आहे. मी तिला डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. नवऱ्याने टीव्ही बंद करून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, चला, पोचलं! त्याने माझा हात हातात घेतला. आणि मुलीने... नाही, तिने विचारलं नाही हो. तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याने डोळ्यांनी दाबलं तिला. मग दोघंही मान न हलवता, नुसते डोळे फिरवून फ्रिजकडे बघत होते.

आता मालकांनी नवीन मशीन बसवलंय. आठवडाच झालाय, भिंतीवर, लाल दिव्याचं. आत गरम झालं की बोंब मारतं. गरम नाही झालं तरी मारतं! कुणी दार जरा जोरात लावलं की मारतं, लोण्याचं खोकं शेजारून नेलं की मारतं, परवा तर कुणी नव्हतंच तिथे, तरी आपलं आपण सुरू! दिवसातून पाच-सहा वेळा. आणि दर वेळी, तुम्हाला सांगते, सगळी बेकरी हातातलं काम टाकून धावत सुटते! मालक स्वतः धावतात, पिठाच्या हाताने! काल मी म्हटलं, "अहो मालक, हे उगाच ओरडतंय, परत करा ते." तर मालकांनी त्या मशीनवरून रुमाल फिरवला, इतका हळुवार, आणि मला म्हणतात, "असू दे हो मॅडम. संवेदनशील आहे जरा. तुम्हीच सांभाळून घ्या त्याला."